ओल्यात धरणारे टायर

डेंगीचे दिवस आले की कॉर्पोरेशनकडून एक बाई येते. पाठीला औषधाचा पंप, पायात रबरी बूट. घरभर फिरून कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या करते, पाण्याच्या टाकीत टॉर्च मारते, आणि शेवटी आमच्या कंपाउंडमधल्या टायरांपाशी येऊन कपाळाला हात लावते.

“अक्का, टायर ठेवू नका म्हणून किती सांगायचं? डास ह्यातच होतात.”

“भोकं पाडून घेतलीत. थेंब राहत नाही. हात घालून बघ.”

“भंगारवाल्याला देऊन टाका की. मेलेले टायर कशाला जपता?”

इथं माझं डोकं फिरतं. ती बिचारी तिचं काम करत असते, मला कळतं. तरी मी तिच्यावर आवाज चढवते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय, आवाज चढायला मला वेळ लागत नाही. ती पुटपुटत शेजारच्या घरात जाते आणि मी फडकं घेऊन टायर पुसत बसते.

ते टायर माझ्या भावाच्या गाडीचे आहेत.

आम्ही चामराजपेटचे मराठी. पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इथं कानडी मुलखात आले म्हणतात, आणि इथलेच झाले. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून हसतात. हसोत. घरात आम्ही मराठीच बोलतो, फक्त मध्येच ‘जरा’ऐवजी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी’ येतं, ते आम्हाला ऐकूही येत नाही. मी लग्न केलं नाही, वडिलांजवळ राहिले. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. ते एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. प्रत्येक गोष्टीचं माप घ्यायची त्यांना खोड. नवीन पातेलं आणलं तरी पट्टी लावून बघणार. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

भाऊ माझ्याहून लहान. सॉफ्टवेअरमध्ये होता, इंदिरानगरात फ्लॅट घेऊन बायकोबरोबर राहायचा. मूलबाळ नाही. पन्नाशी जवळ आली तेव्हा त्यानं ती गाडी घेतली. सेकंडहँड, पण खरीखुरी स्पोर्ट्स कार. राखाडी, रुंद, बुटकी. इतकी बुटकी की आमच्या फाटकाआड उभी राहिली तर गल्लीतून दिसायची नाही.

पहिल्यांदा दाखवायला आणली तेव्हा अप्पा फाटकापर्यंत आले. कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी आत पाहिलं.

“मागं कोण बसणार?”

“मागं सीट नाही अप्पा. दोघांचीच आहे.”

“म्हणजे तू आणि तुझी बायको.”

“तुम्ही बसा ना! या, एक चक्कर मारून येऊ.”

“ज्या गाडीत घरची माणसं मावत नाहीत, ती घरची गाडी कशी?” असं म्हणाले आणि आत निघून गेले. भाऊ दार उघडं धरून तसाच उभा. मी म्हटलं, “जाऊ दे रे, मी बसते.” बसले. मार्केटपर्यंत जाऊन आलो. रस्त्यावरचा प्रत्येक खडा कमरेला कळत होता आणि हा मेला गालातल्या गालात हसत होता. लहानपणी अप्पांची सायकल चोरून चालवताना हसायचा, तसाच.

त्यानंतर दर रविवारी तो जेवायला यायचा तो त्याच गाडीतून. जाताना चप्पल घालता घालता विचारायचा, “येता का अप्पा? एक चक्कर?” अप्पा पेपर वर करायचे. कधी म्हणायचे, “बघू पुढं.” कधी चिडले की म्हणायचे, “ही गाडी तुला खाणार आहे एक दिवस, लिहून ठेव.” मला राग यायचा. पोरगं बोलावतंय, बसायला काय जातं? तसं मी त्यांना म्हणायचेही. पण अप्पांचा हट्ट म्हणजे हट्ट. तो माझ्यातही आलाय, असं भाऊ म्हणायचा.

मध्ये अप्पा न्हाणीघरात घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत पट्टी घालून बसवलं. बरे झाले, काठी घेऊन फिरू लागले. जेवणाचा पाट गेला, उंच खुर्ची आली. पलंगाखाली लाकडाचे ठोकळे आले. हळूहळू घरातली प्रत्येक गोष्ट उंच झाली आणि आम्हाला त्याची सवय झाली.

शेवटच्या रविवारचं मला सगळं आठवतं. मी बिसीबेळे भात केला होता. भाऊ जेवता जेवता टायरांबद्दल बोलत होता.

“अक्का, टायर बदलायला आलेत. दिसायला चांगले आहेत, नक्षी शाबूत आहे, पण रबर वाळलंय. गाडी फार फिरत नाही ना, उभ्या उभ्या म्हातारे झाले.”

“मग बदल. मला काय विचारतोस?”

“ठरत नाहीये.” त्यानं ताटातला हात काढून तळवा टेबलावर टेकवला. “हे बघ. एका टायरचा एवढाच भाग जमिनीला लागलेला असतो. तळहाताएवढा. अख्खी गाडी चार तळहातांवर. एक टायर आहे तो कोरड्या रस्त्याला असा चिकटतो की विचारू नकोस, पण त्याला नक्षीच नाही, पाण्यात गेला की बोंब. दुसरा आहे तो ओल्यात धरतो. कोरड्यात थोडा मऊ, लवकर झिजतो, पण पाणी कापतो. कुठला घेऊ? कोरड्यात धरणारा की ओल्यात धरणारा?”

“तू गप घरी बसवणारा घे,” मी म्हटलं.

तो मोठ्यानं हसला. मग अप्पांच्या पेपराकडे बघत, जरा आवाज चढवून म्हणाला, “मी एकटाच फिरणार असेन तर कोरड्यातला घेईन. अप्पा बसणार असतील तर ओल्यातला.”

पेपर हलला नाही. मला वाटलं, अप्पांना ऐकू गेलं नाही. तो गेला तेव्हा चप्पल घालता घालता नेहमीसारखं विचारलं, आणि नेहमीसारखं उत्तर आलं.

त्या आठवड्यातच तो गेला. ऑफिसात मीटिंग चालू होती, खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

“गाडीत होता का?”

“नाही अप्पा. ऑफिसात. खुर्चीत बसला होता.”

“खुर्चीत,” ते म्हणाले. आणि परत, “खुर्चीत?” इतकी वर्षं ते ज्याला घाबरत होते ते भलत्याच दारानं आलं. रडले नाहीत. दिवसभर तोच एक शब्द. मला वाटलं आता हेही जातात.

दिवस झाले, तेरावा झाला, माणसं यायची बंद झाली. भावजय माहेरी मल्लेश्वरमला गेली. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये गाडी धूळ खात उभी होती. तिला ती बघवेना. तिनं गिऱ्हाईक पाहिलं. कुणी एक तरुण इंजिनीअर, भला माणूस. त्याला गाडी पसंत पडली, पण त्याच्या आईनं अट घातली: आषाढात गाडी घरी आणायची नाही. आमच्याकडे आषाढात कुणी नवं घेत नाही, गाडी तर नाहीच. श्रावण लागला की पहिल्याच दिवशी नेतो म्हणाला. टायर तो आपले आपण घालणार होता.

हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. मग म्हणाले, “तोवर गाडी इथं आण.”

“इथं कशाला?”

“मला एकदा तिच्यात बसायचंय.”

मला संताप आला, खोटं कशाला बोलू. आता? आता बसायचंय? पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शब्द गिळले. अप्पांनी त्या दिवसांत दुसरं काही मागितलंच नव्हतं. जेवण मागत नव्हते, पेपर मागत नव्हते. ही एकच गोष्ट मागितली. म्हटलं, सरी, आणते.

गाडी मीच आणली. चालवायला येतं मला, पण माझी गाडी म्हणजे भाजी आणायची डबी. ह्या गाडीत बसले तेव्हा सीट त्याच्या मापानं मागं सरकवलेली होती. पाय पोचेनात. सीट पुढं घेताना असं वाटलं की त्याला जागेवरून उठवतेय. इंदिरानगरहून निघाले तेव्हा आभाळ नुसतं भरलेलं होतं, कॉर्पोरेशनच्या सर्कलपाशी येईतो पाऊस लागला. तिथं खोदकामावर लोखंडी पत्रे टाकले होते. मी काही जोरात नव्हते, बस पुढं रांगत होती आणि मी तिच्यामागं. पत्र्यावर चाक गेलं आणि गाडीचा मागचा भाग सुळ्ळकन एका बाजूला गेला. मी स्टीअरिंग धरलंय एका दिशेला आणि गाडी निघालीय भलतीकडे! शेजारचा ऑटोवाला किंचाळला. मग आपोआप सरळ झाली. घरी येऊन फाटक लावलं आणि अप्पांना सांगितलं, “ह्या टायरांवर मी तुम्हाला बसवणार नाही. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.”

“मग टायर घालू,” अप्पा म्हणाले.

“आषाढात? नवं?” मी मुद्दामच विचारलं. आषाढात घरात नवा सुईदोराही येऊ न देणारा माणूस हा.

“टायर म्हणजे गाडीची चप्पल. चप्पल तुटली तर आषाढात अनवाणी फिरायचं का?”

मला हसू आलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. जुनी मोजपट्टी काढली, भिंग काढलं. मी टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचायची, ते म्हणायचे, “परत वाच.” पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद, म्हणजे चारी सारखे घेऊन चालणार नाही. रुंदीचा आकडा, उंचीचा आकडा, वजन किती पेलतो तो आकडा, किती वेगापर्यंत चालतो त्याचं अक्षर. चिखलपत्रा आणि टायर यांच्यामध्ये किती फट आहे ते त्यांनी मला खाली बसवून मोजायला लावलं, आपण उंच स्टुलावर बसून सांगत राहिले. मला एका बाजूनं बरं वाटत होतं. माणूस जेवायला लागला होता. भात परत घेत होता.

टायरचं दुकान जेसी रोडला. घरापासून हाकेच्या अंतरावर. मी गाडी घेऊन गेले, अप्पा मागून ऑटोनं आले.

“आता गाडीत बसूनच चला की,” मी म्हटलं होतं.

“नाही. आधी टायर. मग अमावास्येला लिंबं ठेवून, पूजा करून, मग बसेन. इतकी वर्षं नाही बसलो, तर आता नीट बसू दे.”

आषाढाची अमावास्या शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी श्रावण, गाडी जाणार. मला ते फार ताणल्यासारखं वाटलं, पण म्हटलं, त्यांच्या मनासारखं होऊ दे.

दुकानदारानं गाडी ओळखली. माझ्याकडे न बघता तो माझ्या मागं बघत होता. “साहेब कुठायत? फोन करतोय, उचलतच नाहीत. कुठला टायर ते ठरवून सांगतो म्हणाले होते.”

मी सांगितलं. रस्त्यावरच्या त्या गोंगाटात, कुणी चाक ठोकतंय, कुणी हॉर्न मारतंय, मी ओरडून सांगितलं की साहेब गेले. गेले म्हणजे बाहेरगावी नाही. त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, मान हलवली, आणि जरा वेळानं धंद्यावर आला. त्याचं तरी काय चुकलं?

“अज्जा, आता गाडी विकायची ना? मग हा घ्या.” त्यानं एक जाडजूड टायर पुढं लोटला. “आवाज नाही, काही नाही, वर्षानुवर्षं चालेल.”

“हा कडक आहे,” अप्पा म्हणाले. बोटाचं नख त्यांनी रबरात रोवून बघितलं. “हा नको.”

“मग हा. साहेबांना आवडलेला.” दुसरा टायर जवळजवळ गुळगुळीत होता, मध्ये दोनचार खाचा फक्त. “कोरड्यात असा चिकटतो की…”

“की विचारू नका,” अप्पा म्हणाले. “पण पाण्यात गेला की बोंब.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अप्पांनी काठी बगलेत धरली, उजवा तळवा दुकानाच्या काउंटरवर टेकवला. “हे बघा. एका टायरचा एवढाच भाग जमिनीला लागतो. तळहाताएवढा. अख्खी गाडी चार तळहातांवर. मला तो द्या जो ओल्यात धरतो. कोरड्यात जरा मऊ असेना. लवकर झिजेना. पाणी कापणारा पाहिजे.”

शब्दन् शब्द त्याचा. पेपराआडून सगळं ऐकलं होतं तर! एकेक रविवार, एकेक वाक्य. मला रडू फुटेल म्हणून मी रस्त्याकडे तोंड केलं.

“अज्जा, विकायच्याच गाडीला एवढा भारी टायर कशाला?” दुकानदार म्हणाला.

“मी बसणार आहे,” अप्पा म्हणाले.

मागचे रुंद टायर दुकानात नव्हते, मागवावे लागले. आले तेव्हा अप्पांनी ते कधी बनले तो आठवड्याचा आणि वर्षाचा शिक्का भिंगातून बघितला. जुना माल असेल तर परत, असं आधीच बजावलं होतं. ताजे निघाले. बाहेरची बाजू बाहेरच आलीय ना, हे प्रत्येक चाकाशी जाऊन पाहिलं. चाकांचा तोल, हवा, सगळं समोर उभं राहून करून घेतलं. मुलगा गेल्यावर जो माणूस पलंगावरून उठत नव्हता तो तिथं सकाळभर उभा होता.

जुने टायर दुकानदार मागं टाकणार होता. अप्पा म्हणाले, “ते माझे. ऑटोत घाला.”

“अप्पा, काय करायचेत?”

“त्यानं झिजवलेत ते. माझ्या घरी राहतील.”

ऑटोवाल्यानं कुरकुर केली, पण घेतले. अप्पा त्या टायरांच्या मध्ये अंग चोरून बसून घरी आले. कंपाउंडच्या भिंतीशी आम्ही ते एकावर एक, दोन-दोनच्या जोड्या करून ठेवले.

अमावास्येच्या दिवशी उन्हं चांगली पडली होती. इथं त्या दिवशी बायका नवऱ्याची पूजा करतात, सकाळपासून गल्लीत बायकांची लगबग. भावजय येणार नव्हती. मी बोलावलंही नाही. ती कशाला येईल त्या दिवशी?

अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पायमोजे घातले. घड्याळ बांधलं. मी गाडी फाटकाबाहेर काढून गल्लीत लावली, टायरांना हळदकुंकू लावलं, चार टायरांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला. नवे टायर काळे कुळकुळीत, त्यावर कुंकू फार उठून दिसत होतं. अप्पांनी हात जोडले. मग मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

“काठी आधी ठेव,” ते म्हणाले, आणि काठी त्यांनीच सीटच्या कडेला आत टाकली.

मग ते वळले, दाराच्या कडेला धरून, पाठीमागून बसायला गेले. आणि मला ते दिसलं. सीट माझ्या पोटरीएवढ्या उंचीवर होती. तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. अप्पा जमिनीवर बसून वर्षं झाली होती. संडासात उंच भांडं बसवलेलं, न्हाणीघरात उंच स्टूल. डॉक्टरांनी बजावलेलं, गुडघ्यांच्या खाली बसायचं नाही. हे घरात कुणाला माहीत नव्हतं? मला माहीत नव्हतं? टायरचं माप आम्ही शंभरदा घेतलं. अप्पांच्या गुडघ्यांचं माप कुणी घेतलं नाही.

ते अर्ध्यापर्यंत गेले आणि अडकले. गुडघा पुढं वाकेना. चेहरा पांढरा पडला. मी बगलेत हात घालून धरलं. “अप्पा, स्वल्प डावीकडे… पाय आधी आत घ्या.” पाय आत जाईना, छत डोक्याला लागलं, खटकन आवाज आला. “सोड, सोड,” ते म्हणाले, “तू सोड मला.” सोडलं असतं तर पडले असते. मी आतून पाट आणला, सीटवर ठेवला, तर छत अजूनच खाली आलं. उशी ठेवून बघितली. समोरच्या घरातले दोघे धावत आले, त्यांनी धरून उचलून घालायचा प्रयत्न केला, तेव्हा अप्पा असे ओरडले की ते दोघेही मागं सरले. मागं एक ऑटो अडकला होता, तो हॉर्न मारत होता. गल्लीतल्या बायका पूजेची ताटं घेऊन दारात उभ्या.

शेवटी अप्पा गाडीच्या छतावर दोन्ही हात टेकून उभे राहिले. धापा टाकत होते. कपाळाला छताचा वळ उठला होता.

आणि तेव्हा मी बोलले. मला थांबवता आलं नाही. “तेव्हा का नाही बसलात? दर रविवारी विचारत होता तो! दर रविवारी! तेव्हा वाकता येत होतं ना? तेव्हा पेपर वर करत होतात!”

ऑटोवाला हॉर्न मारायचा थांबला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छतावरून तळवा फिरवत राहिले.

“खरं आहे,” म्हणाले. मग, “तू चालव. लिंबावरून तरी जाऊ दे. मी इथून बघतो.”

मी दार लावलं, चालवायला बसले. डोळ्यांसमोर सगळं पुसट. गाडी पुढं सरकली, लिंबं फुटली, खिडकीतून वास आत आला. मागच्या ऑटोमुळे परत फिरायला जागा नव्हती, म्हणून मार्केटच्या बाजूनं वळसा घालून यावं लागलं. पाण्याचा टँकर गळत गेला होता, रस्ता ओला होता. वळणावर मी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. धरतात, खरंच धरतात. शेजारच्या सीटवर अप्पांची काठी होती, ब्रेक लागताच ती पुढं घरंगळली. मी ती उचलून परत नीट ठेवली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अप्पा काठीशिवाय उभे आहेत.

गल्लीत शिरले तेव्हा फाटकापाशी ते नव्हते. समोरचे दोघे आपापल्या घरी गेलेले. मी गाडी तशीच मध्ये सोडून आत पळाले.

अप्पा भिंतीला धरून धरून टायरांपर्यंत गेले असावेत. दोन टायर एकावर एक ठेवले की बरोबर खुर्चीएवढी उंची होते. ते त्यांच्यावर बसले होते. दोन्ही पाय पुढं ताणून, ताठ, जसा माणूस गाडीत बसतो तसे. तळवे दोन्ही बाजूंनी रबरावर टेकलेले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारच्या टायरांच्या जोडीकडे, जिथं कुणीच नव्हतं, तिकडं मान वळवून ते बोलत होते.

“बसलो बघ,” म्हणत होते. “बस बस म्हणत होतास. बसलो रे बाबा. आता ने कुठं नेतोस ते.”

बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं. मी ते बंद करायला गेले नाही. अप्पा ऐकत होते.